कोविड–१९ व सार्वजनिक आरोग्य

‘सार्स-कोव्ह-२’ या विषाणूमुळे होणाऱ्या, मुख्यत्वे श्वसन तंत्रास ग्रासणाऱ्या सांसर्गिक रोगास कोविड–१९ म्हणतात. २०१९ च्या डिसेंबर महिन्यात चीनमधील वूहान शहरी फुप्फुसशोथाचे, म्हणजे न्यूमोनियाचे, काही असाधारण रुग्ण आढळले व त्यांवरून या रोगाचा प्रथम पत्ता लागला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी रोगास हे नाव दिले आणि ११ मार्च रोजी ही साथ जगद्व्यापी झाल्याचे जाहीर केले. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात, तर महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुणे येथे आढळले. पुढील तीन वर्षांत महाराष्ट्रात ८१ लाखांहून अधिक रुग्णांची आणि १ लाख ४८ हजारांहून अधिक मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. आणीबाणीची स्थिती संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी घोषित केले. रोग मात्र नाहीसा झालेला नाही.

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या रोगांविषयी सर्वसामान्य माणसाच्या मनात उभे राहणारे प्रश्न बहुधा तेच असतात : रोग कसा लागतो, किती दिवस लागतो, चाचणीवर किती विसंबावे, औषध आहे काय, लस घेऊनही रोग का होतो. त्यांची उत्तरे विषाणूच्या गुणधर्मांत जितकी दडलेली असतात, तितकीच ती लोकांच्या राहणीत व उपजीविकेत असतात. या दृष्टीने सोलापूरचे उदाहरण बोधप्रद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९ लाख ५१ हजार लोकसंख्येचे हे शहर चादरी, टॉवेल व विड्या यांसाठी प्रसिद्ध आहे. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषा तेथे नित्य व्यवहारात आहेत. आणि याच जिल्ह्यातील पंढरपूर येथे आषाढीला लाखो वारकरी जमतात. दाट वस्ती, हातावरचे पोट आणि मोठी यात्रा या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली अशी ठिकाणे फार नाहीत.

विषाणू : कोरोना या लॅटिन शब्दाचा अर्थ मुकुट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या गटातील विषाणूंच्या पृष्ठभागावर मुकुटाच्या टोकांसारखे उंचवटे दिसतात, म्हणून हे नाव पडले. नेहमीच्या पडशास कारणीभूत होणारे चार कोरोना विषाणू पूर्वीपासून माणसात वावरत आहेत. याच गटातील एका विषाणूने २००२-०३ मध्ये ‘सार्स’ची व दुसऱ्याने २०१२ पासून मध्यपूर्वेत ‘मर्स’ची साथ उद्‌भवली होती. प्रस्तुत विषाणूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका असतो. त्याचे जननिक द्रव्य रिबोन्यूक्लिइक अम्लाचे असून त्यात सुमारे ३०,००० घटक एकापुढे एक गुंफलेले असतात. त्याभोवती वसायुक्त आवरण असते. साबणाने हे आवरण विरघळते व विषाणू निकामी होतो. महागड्या जंतुनाशकांइतकाच साधा कपड्याचा साबण या बाबतीत गुणकारी ठरतो, याचे कारण हेच होय. आवरणावरील शूकमय प्रथिनांच्या साहाय्याने विषाणू मानवी कोशिकांवरील ‘एस-२’ या ग्राहीस चिकटतो आणि कोशिकेत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती तयार करवून घेतो. प्रती काढताना चुका होतात; त्यांपैकी काही विषाणूच्या पथ्यावर पडतात व त्यातून नवे उपप्रकार निर्माण होतात. भारतात प्रथम ओळखला गेलेला ‘डेल्टा’ आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून कळविला गेलेला ‘ओमिक्रॉन’ ही यांची ठळक उदाहरणे होत.

प्रसार : बाधित व्यक्ती खोकताना, शिंकताना, बोलताना, किंबहुना नुसता श्वास सोडतानाही सूक्ष्म तुषार बाहेर टाकते. त्यांतील मोठे थेंब हात-दोन हातांच्या अंतरात खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद जागेत बराच काळ तरंगत राहतात, जसा स्वयंपाकघरातील धूर चूल विझल्यावरही खोलीत रेंगाळतो. साथीच्या आरंभी मोठ्या थेंबांवर व पृष्ठभागांना होणाऱ्या स्पर्शावर अधिक भर दिला गेला. रस्ते धुतले गेले, भाजीपाला सोड्याच्या पाण्यात बुडविला गेला. तरंगत्या कणांचे महत्त्व २०२१ पर्यंत सर्वमान्य झाले. या विलंबाची किंमत मोठी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण खिडकी उघडणे हा उपाय बिनपैशाचा असूनही तो सांगण्यात आपण मागे पडलो.

परिपाक काल, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, मूळ विषाणूच्या बाबतीत सरासरी ५ ते ६ दिवस व क्वचित १४ दिवसांपर्यंत असे. ओमिक्रॉनमध्ये तो सुमारे ३ दिवसांवर आला. रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरवू लागतो आणि लक्षणांच्या सुरुवातीस सर्वाधिक पसरवितो. सौम्य आजारात सुमारे दहा दिवसांनंतर त्याच्यापासून संसर्ग होण्याचा संभव फारच थोडा उरतो. देवी किंवा २००३ चा सार्स यांच्याहून हा रोग आवरण्यास कठीण गेला, त्याचे मर्म येथे आहे. त्या रोगांत माणूस आजारी दिसल्यावरच प्रामुख्याने रोग पसरवितो, म्हणून आजाऱ्याला शोधून वेगळे ठेवले की साखळी तुटते. कोविडमध्ये निरोगी दिसणारा शेजारीही संसर्गाचा उगम असू शकतो. मुखपट्टी सर्वांनी वापरावी, या आग्रहाचे कारणही हेच. साध्या कापडी पट्टीपेक्षा शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाची तीनपदरी पट्टी व तिच्यापेक्षा चेहऱ्याला घट्ट बसणारी ‘एन-९५’ पट्टी अधिक संरक्षण देते. नाकाखाली ओढलेली कोणतीही पट्टी निरुपयोगी असते.

येथे दोन संज्ञांमधील भेद सांगणे आवश्यक आहे. रोग झालेल्यास निरोगी माणसांपासून दूर ठेवणे हे विलगीकरण. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, परंतु अद्याप आजारी न पडलेल्या व्यक्तीस परिपाक काल उलटेपर्यंत वेगळे ठेवणे हा संगरोध. व्यवहारात दोहोंना विलगीकरण हाच शब्द रूढ झाला आणि ‘मला काही झालेले नसताना मला का नेता?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांना नीट उत्तर मिळाले नाही.

सोलापुरातील साथ : सोलापूर शहरातील पहिल्या रुग्णाचे निदान १२ एप्रिल २०२० रोजी, आणि तेही त्याच्या मृत्यूनंतर झाले. ही घटना रोगपरिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. संसर्गापासून मृत्यूपर्यंत सामान्यतः दोन ते तीन आठवडे जातात. साथीचा पहिला ज्ञात रुग्ण मृतच सापडतो तेव्हा विषाणू किमान तितके दिवस वस्तीत फिरत असला पाहिजे आणि त्या एका मृत्यूमागे न ओळखलेले अनेक बाधित असले पाहिजेत. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी असूनही हे घडले होते, कारण टाळेबंदीने रस्ता बंद होतो, घर बंद होत नाही.

शहराच्या पूर्व भागात विणकर व विडी कामगारांची दाट वस्ती आहे. एका खोलीत पाच-सात माणसे, तेथेच चूल, काही घरांत तेथेच माग. विडी वळणाऱ्या स्त्रिया कारखान्यातून पान व तंबाखू घरी आणतात, घरात बसून विड्या वळतात आणि तयार माल कारखान्यात नेऊन मोजून देतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ज्या दिवशी विड्या नाहीत त्या दिवशी मजुरी नाही. अशा घरात ‘रुग्णाने वेगळ्या खोलीत राहावे व स्वतंत्र स्वच्छतागृह वापरावे’ ही सूचना छापील कागदावरच राहते. घरातील एकास संसर्ग झाला असता बहुधा सर्वांस होतो, आणि घरातील एकाचा अहवाल आल्यास सर्वांचे काम थांबते. त्यामुळे ताप आला तर तो सांगण्यापेक्षा गोळी घेऊन अंगावर काढणे हे कुटुंबाच्या हिशोबात शहाणपणाचे ठरत होते. लोक अडाणी होते म्हणून त्यांनी आजार लपविला असे म्हणण्याचा प्रघात पडला. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. आजार सांगितल्याने होणारे नुकसान उद्याच दिसत होते, लपविल्याने होणारे दिसण्यास पंधरवडा लागत होता.

हा अनुभव नवा नाही. १८९६ मध्ये मुंबई इलाख्यात गाठीचा प्लेग शिरल्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याच्या आधारे झालेल्या घरझडत्यांच्या व सक्तीने छावणीत नेण्याच्या धास्तीने लोकांनी आजारी माणसे दडविली होती. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा हाच कायदा लागू करण्यात आला. कायदा सव्वाशे वर्षांचा, आणि त्याला मिळालेला लोकांचा प्रतिसादही जवळजवळ तितकाच जुना. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या जगद्व्यापी साथीत तर मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली; त्या वर्षीच्या अवर्षणाने उपासमारीची भर घातली होती. १९११–२१ हे भारताची लोकसंख्या घटलेले विसाव्या शतकातील एकमेव दशक होय. [⟶ इन्फ्ल्यूएंझा].

मृत्युप्रमाणाचा अर्थ : पहिल्या काही महिन्यांत सोलापूर शहरातील मृत्युप्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा ठळकपणे अधिक होते व त्याची चर्चा राज्यभर झाली. येथील विषाणू अधिक घातक आहे काय, असा प्रश्न लोक विचारीत. तसे मानण्यास आधार नव्हता. या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी तो कसा काढतात हे पाहिले पाहिजे.

मृत्युप्रमाण म्हणजे निदान झालेल्या दर शंभर रुग्णांमागे झालेले मृत्यू. समजा, एखाद्या पेठेत १,००० लोकांना संसर्ग झाला व त्यांतील १० जण दगावले. चाचणी फक्त १०० जणांची होऊन ते बाधित ठरले, तर मृत्युप्रमाण शेकडा १० येईल. ५०० जणांचे निदान झाले, तर ते शेकडा २ येईल. वास्तविक दोन्ही वेळी मेलेली माणसे तितकीच आहेत. म्हणून चाचण्या कमी झाल्या की रोग अधिक भयंकर दिसतो. चाचण्या पुरेशा आहेत किंवा नाहीत हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे : केलेल्या दर शंभर चाचण्यांत बाधित किती निघतात ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने हे प्रमाण शेकडा ५ च्या खाली असावे असे सुचविले होते. ते वीस-पंचवीस झाले की पुष्कळ रुग्ण नजरेआड राहत आहेत असे समजावे.

परंतु सगळे काही भागाकाराच्या छेदावर ढकलून चालत नाही. उशिरा रुग्णालयात येणे हे दुसरे कारण असते आणि ते खरे मृत्यू वाढविते. दोहोंतील फरक ओळखता येतो. मृत रुग्णांपैकी पुष्कळ जण दाखल झाल्यापासून एक-दोन दिवसांतच दगावत असतील, तर दोष केवळ मोजणीचा नसून विलंबाचाही आहे असा निष्कर्ष निघतो. भीतीने घरी काढलेले दिवस, एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठविले जाण्यात गेलेले तास, आधीपासून असलेला मधुमेह व रक्तदाब, या सर्वांची बेरीज अशा मृत्यूंत दिसते. शासकीय रुग्णालय म्हणजे सोलापूरकरांचे ‘सिव्हिल’. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या या रुग्णालयावर साथीचा मुख्य भार पडला. ‘सिव्हिलला गेलेला परत येत नाही’ अशी बोलवा ज्या वस्तीत पसरते, त्या वस्तीतील माणूस अगदी शेवटी तेथे जातो, आणि शेवटी गेल्यामुळे खरोखरच परत येत नाही. बोलवा अशी स्वतःला खरी ठरविते. ती मोडण्यास आकडेवारी उपयोगी पडत नाही; त्याच पेठेतील बरा होऊन घरी आलेला माणूस उपयोगी पडतो, आणि त्याने ती हकीकत शेजाऱ्यांना त्यांच्या भाषेत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये, सांगावी लागते.

लक्षणे व धोक्याची चिन्हे : ताप, कोरडा खोकला, घसादुखी, अंगदुखी, थकवा, क्वचित हगवण ही सामान्य लक्षणे होत. वास व चव अचानक जाणे हे पहिल्या दोन लाटांतील वैशिष्ट्यपूर्ण लक्षण होते. ओमिक्रॉनमध्ये ते पुष्कळ कमी झाले. बहुसंख्य रुग्ण आठवड्याभरात बरे होतात. काहींची प्रकृती मात्र दुसऱ्या आठवड्यात बिघडते. या वेळी विषाणूपेक्षा शरीराचीच अतिरेकी प्रतिक्रिया फुप्फुसांस इजा करीत असते. रक्तातील ऑक्सिजन घटूनही रुग्णास धाप जाणवत नाही, तो गप्पा मारीत असतो, चहा पितो, आणि काही तासांत कोसळतो. म्हणून बोटास लावावयाचे ऑक्सिजनमापक यंत्र या साथीत घरोघरी पोहोचले. विश्रांतीच्या स्थितीतील मापन ९४ च्या खाली जाणे, किंवा सहा मिनिटे घरातल्या घरात चालल्यावर ते तीन-चार अंकांनी घसरणे, हे ताबडतोब रुग्णालयात जाण्याचे चिन्ह समजावे. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य कर्मचारी व आशा स्वयंसेविका यांनी घरोघरी जाऊन ताप व ऑक्सिजन मोजला. या मोहिमेने अंगावर काढलेला आजार उघडकीस आणण्याचे काम घराच्या उंबऱ्यापर्यंत नेले, हा तिचा मोठा गुण होय.

निदान : नाकातील व घशातील स्रावात विषाणूचे जननिक द्रव्य शोधणारी ‘आरटी-पीसीआर’ ही चाचणी सर्वांत विश्वसनीय मानतात. विषाणूचे प्रथिन शोधणारी जलद प्रतिजन चाचणी पंधरा ते तीस मिनिटांत उत्तर देते, पण तिच्यातून अनेक बाधित निसटतात. जलद चाचणीत बाधित ठरलेला रुग्ण खरा बाधित मानावा. निर्दोष ठरलेल्या पण लक्षणे असलेल्या माणसाची मात्र पुन्हा पहिल्या प्रकारची चाचणी करावी, असा नियम होता. लोकांनी त्याचा नेमका उलटा अर्थ लावला आणि ‘निगेटिव्ह’ कागद म्हणजे जणू फिरण्याचा परवाना असे मानले. संसर्गानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणतीही चाचणी निर्दोष येऊ शकते. बरे झाल्यानंतर आरटी-पीसीआर चाचणी काही आठवडे बाधित दाखवू शकते, परंतु ते मृत विषाणूचे अवशेष असतात.

चिकित्सा : सौम्य आजारात विश्रांती, पुरेसे पाणी व तापासाठी पॅरासिटामॉल एवढे पुरते. प्रतिजैव औषधे जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तरीही ती या काळात खिरापतीसारखी वाटली गेली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन व आयव्हरमेक्टिन यांचा उपयोग होत नसल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसून आले. बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव देण्याच्या पद्धतीचा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत अभ्यास केला व तीत लाभ आढळला नाही. मे २०२१ मध्ये ती अधिकृत उपचारांतून वगळली गेली. तोपर्यंत रक्तद्रवासाठी नातेवाइकांची वणवण चालूच होती.

खरा उपयोग झाला तो ऑक्सिजनचा आणि डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडाचा. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू या औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे इंग्लंडमधील चाचणीवरून जून २०२० मध्ये सिद्ध झाले. मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णास ते दिल्यास लाभ नाही, उलट अपाय होण्याचा संभव असतो. दुसऱ्या लाटेत ते पहिल्याच दिवशी व भरमसाट प्रमाणात घेतले गेले. मधुमेह्यांचे रक्तशर्करेवरील नियंत्रण सुटले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्यूकरमायकोसिस या, लोकांनी ‘काळी बुरशी’ म्हटलेल्या, रोगाचा उद्रेक राज्यभर झाला. त्यात कित्येकांचे डोळे व जबडे काढावे लागले. जो रोग बरा झाला त्याच्या औषधाने दुसरा रोग आणला, असे हे दुर्दैव होते.

लस : भारतात लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ मार्चपासून साठीपुढील व्यक्तींना, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली. वापरल्या गेलेल्या दोन प्रमुख लशींचा पुण्याशी संबंध आहे : कोव्हिशील्डचे उत्पादन तेथील सीरम इन्स्टिट्यूटने केले, तर हैदराबादेत तयार झालेल्या कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केला होता. १७ जुलै २०२२ पर्यंत देशात दोनशे कोटी मात्रा दिल्या गेल्या.

लस घेऊनही रोग का होतो, हा सर्वांत अधिक विचारला गेलेला प्रश्न. दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे व स्मरणशील कोशिका तयार होतात; नाकाच्या अंतस्त्वचेवर मात्र संरक्षण अल्पकाळ टिकते. त्यामुळे विषाणू नाकात शिरून पडसे-ताप आणू शकतो, पण फुप्फुसांपर्यंत पोहोचण्यापूर्वी बहुधा अडविला जातो. लशीचे मूल्य किती जणांना ताप आला यावरून नव्हे, तर किती जणांना ऑक्सिजन लागला यावरून ठरवावे. प्रारंभी ‘लस घ्या व निश्चिंत व्हा’ अशा थाटाचा जो प्रचार झाला, त्याने पुढे लशीवरील विश्वासच पातळ केला. कोव्हिशील्डच्या वर्गातील लशीमुळे अत्यंत क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हेही आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे होते. ते सांगूनही लशीच्या बाजूचे पारडे जडच राहिले असते. देशव्यापी पाहणीच्या जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत शेकडा ६७·६ लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. तोपर्यंत लसीकरण मर्यादितच झाले असल्याने त्यांतील मोठा वाटा प्रत्यक्ष संसर्गाचा होता. म्हणजे बहुसंख्यांनी प्रतिकारक्षमता मिळविली ती दुसऱ्या लाटेची किंमत मोजून.

यात्रा व जमाव : पंढरीच्या वाटेवर साथरोगाचा विचार पूर्वापार होत आला आहे. पटकीच्या काळात वारकऱ्यांना लस टोचून घ्यावी लागे. [⟶ पटकी]. २०२० व २०२१ या दोन वर्षी मात्र पायी वारीच झाली नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका मोजक्या लोकांसह राज्य परिवहनाच्या बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीस चंद्रभागेचे वाळवंट रिकामे होते. सोलापुरातील सिद्धरामेश्वराची जानेवारी २०२१ ची यात्राही मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत केवळ धार्मिक विधींपुरती झाली. उघड्या माळावर चालणाऱ्या दिंडीपेक्षा मुक्कामाच्या बंद धर्मशाळा, राहुट्या व दर्शनबारी यांत संसर्गाचा धोका अधिक होता. पण लाखोंच्या वारीतून मुक्काम वगळता येत नाही, म्हणून निर्णय योग्यच होता. वारकऱ्यांनी तो मोठ्या संयमाने पाळला. त्याच पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट चढत असताना, पोटनिवडणुकीचे मतदान झाले व त्याआधी प्रचाराच्या सभाही झाल्या. दर्शनाचा जमाव व प्रचाराचा जमाव यांतला फरक विषाणूस कळत नाही. लोकांना मात्र कळतो, आणि पुढच्या वेळी निर्बंध पाळावयास सांगणाऱ्याचे म्हणणे ते त्या मापाने तोलतात. पायी वारी २०२२ मध्ये पूर्ववत निघाली.

याउलट उदाहरणही याच जिल्ह्यात घडले. मोहोळ तालुक्यातील घाटणे व दक्षिण सोलापूर तालुक्यातील अंत्रोळी या गावांनी दुसऱ्या लाटेत गाव रोगमुक्त केल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी ३० मे २०२१ रोजी राज्यास उद्देशून केलेल्या भाषणात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारसह केला. या गावांपाशी नवे औषध किंवा यंत्र नव्हते. घरोघर तपासणी, तापाच्या पहिल्याच दिवशी चाचणी, बाधितास घराबाहेर वेगळी सोय आणि पात्र व्यक्तींचे लसीकरण एवढाच कार्यक्रम असतो. तो चालतो गावच्या विश्वासावर. घरापासून दूर ठेवलेल्या माणसाच्या गुरांना चारा कोण घालणार, त्याच्या घरी किराणा कोण पोहोचविणार, या प्रश्नांची उत्तरे गाव देऊ शकले, तर ताप लपविण्याचे कारणच उरत नाही. पेठेत हे काम गावापेक्षा अवघड असते, तरी अशक्य नसते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबास विलगीकरणाच्या दिवसांची मजुरी व धान्य मिळण्याची हमी ही, प्रस्तुत लेखकाच्या मते, चाचणी व लस यांच्याच तोडीची साथ-नियंत्रणाची साधने समजली पाहिजेत. त्यांना साहाय्य किंवा दानधर्म या सदरात टाकणे हे शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे.

सद्यःस्थिती : ओमिक्रॉनचे वंशज असलेले उपप्रकार अद्याप प्रसारात आहेत. पूर्वीच्या संसर्गाने व लशीने बहुतेकांत काही प्रतिकारक्षमता असल्याने आजार सामान्यतः सौम्य असतो. वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे वा फुप्फुसांचे जुने विकार असलेले, कर्करोगावर उपचार घेणारे आणि धूम्रपान करणारे यांना मात्र धोका आहेच. काही रुग्णांत थकवा, धाप, विस्मरण व हृदयाची धडधड ही लक्षणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकतात. त्यांस दीर्घ कोविड म्हणतात व तो मनाचा खेळ नव्हे. लक्षणांवरून कोविड, इन्फ्ल्यूएंझा व श्वसनमार्गाचे इतर विषाणुजन्य आजार एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. २००९ मध्ये पुण्यात ‘स्वाइन फ्ल्यू’ म्हणून गाजलेल्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणूही आता दरवर्षी येणाऱ्या फ्ल्यूमध्ये मिसळून गेला आहे. या सर्वांसाठी घरगुती नियम एकच आहे : ताप व खोकला असेपर्यंत शक्य तो घरी राहावे, माणसांत जाणे भागच असल्यास मुखपट्टी लावावी, खिडक्या उघड्या ठेवाव्या, घरातील वृद्धांपासून अंतर राखावे, आणि धाप लागल्यास, छातीत दुखल्यास, ओठ निळसर दिसल्यास किंवा वृद्ध व्यक्ती एकाएकी बरळू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.